रिपोर्ट कोणाच्या फोनवर गेला?

चवथीच्या, म्हणजे गणेश चतुर्थीच्या, आदल्या संध्याकाळी आमच्या रुग्णालयाच्या संगणकाने एक एसएमएस पाठवला: ‘तुमचा बायोप्सीचा रिपोर्ट तयार आहे. पाहण्यासाठी पुढील लिंक उघडा.’ ज्या बाईंचा तो रिपोर्ट होता, त्या तेव्हा गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातल्या आपल्या घरी गणपतीवर टांगायच्या माटोळीला बांधायची रानफळं निवडत बसल्या होत्या. एसएमएस त्यांना आला नाही, त्यांच्याकडे फोनच नव्हता. तो आला त्यांच्या भाच्याला. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत वाड्यावरच्या बहुतेक घरांना बाईंच्या छातीतली गाठ कसली आहे ते कळलं होतं. त्यांना स्वतःला मात्र नाही.

त्या रुग्णालयाच्या रेकॉर्ड विभागाची जबाबदारी तेव्हा माझ्याकडे होती. रुग्णांना आपली माहिती घरबसल्या पाहता यावी म्हणून आम्ही ऑनलाइन सेवा सुरू केली, तिचा नोंदणी फॉर्म मीच तयार केला होता. आज अनेक लहान रुग्णालयं अशी सेवा सुरू करताहेत आणि त्यांच्या फॉर्मवरही आमच्यासारखाच ‘मोबाइल क्रमांक’ असा एक साधा रकाना असणार. म्हणून हे प्रकरण सविस्तर लिहिते आहे. बाईंची परवानगी घेतली आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

सेवा का सुरू केली

आमचं रुग्णालय फोंडा तालुक्यातलं, एका न्यासाने चालवलेलं, लहानसं. फोंडा, धारबांदोडा, सत्तरी इथून माणसं येतात, थोडी सांग्याहूनही. आमच्या आवाक्याबाहेरचं असेल ते आम्ही बांबोळीला पाठवतो. गोव्यात ‘बांबोळी’ म्हटलं की गाव कोणाच्या मनात येत नाही, गोवा मेडिकल कॉलेजच येतं. १८४२ मध्ये पोर्तुगीज राजवटीत सुरू झालेल्या वैद्यकीय शाळेपासून त्याची परंपरा चालत आली आहे.

आमच्याकडे येणाऱ्या प्रत्येक जुन्या रुग्णाच्या हातात एक प्लास्टिकची पिशवी असते. तिच्यात केस पेपर, रक्ताचे रिपोर्ट, एक्स-रे, औषधांच्या चिठ्ठ्या, कधी रेशनकार्डाची झेरॉक्सदेखील. चार महिन्यांच्या पावसात ती पिशवी कितीही जपली तरी कागद ओले होतात, एकमेकांना चिकटतात. ईसीजीचा कागद तर उष्णतेने उमटणारा. दोन-तीन वर्षांनी त्यावरच्या रेघा इतक्या पुसट होतात की डॉक्टर तो उजेडाकडे धरून पाहतात आणि परत काढायला सांगतात. छातीत दुखत असलेल्या माणसाच्या बाबतीत जुना ईसीजी वाचता न येणं हे फार मोठं नुकसान आहे. आजचा बदल नवा आहे की दहा वर्षांपूर्वीचाच, हे त्या जुन्या कागदावरूनच ठरायचं असतं.

आमचे सर्वांत जास्त रुग्ण साखरेचे. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या ‘इंडियाब’ पाहणीचे आकडे २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात प्रौढांमधल्या मधुमेहाचं देशातलं सर्वाधिक प्रमाण गोव्यात निघालं: २६.४ टक्के. देशाची सरासरी ११.४ टक्के होती. अशा रुग्णाला एकेका रिपोर्टातून फार काही कळत नाही. तीन महिन्यांची साखर मागच्या वर्षी किती होती, पावसाळ्यात किती झाली, औषध बदलल्यावर किती उतरली, किडनीचा आकडा कुठे चालला आहे, हे सगळं ओळीने दिसलं तरच त्याचा उपयोग. पिशवीतले कागद तसे ओळीने दिसत नाहीत.

आणखी एक कारण होतं आणि ते मला जास्त टोचत असे. वैद्यकीय व्यावसायिकांच्या आचारसंहितेचे नियम २००२ पासून लागू आहेत. रुग्णाने किंवा त्याने नेमलेल्या माणसाने नोंदी मागितल्या तर ७२ तासांच्या आत द्यायच्या, असं त्यात स्पष्ट लिहिलं आहे. आमच्याकडे अर्ज यायचा, त्यावर सही लागायची, फाईल माळ्यावरून काढायची, झेरॉक्सवाला जेवायला गेलेला असायचा. सत्तरीहून कदंबच्या बसने आलेल्या माणसाला ‘उद्या या’ सांगणं म्हणजे त्याचा आणखी एक दिवस आणि आणखी एक रोजगार बुडवणं. ऑनलाइन सेवा सुरू करून आपण रुग्णांवर मेहेरबानी करत नाही, वर्षानुवर्षांचं देणं फेडतो आहोत, अशी माझी तेव्हा भावना होती आणि आजही आहे.

काय उभं केलं आणि वेळ कुठे घालवला

रक्त-लघवीच्या तपासण्या, एक्स-रे व सोनोग्राफीचे अहवाल, औषधांची चिठ्ठी आणि डिस्चार्ज कार्ड, एवढं रुग्णाला फोनवर दिसावं असं ठरलं. ज्यांना हवं त्यांना ‘आभा’ क्रमांक जोडून देण्याची सोयही ठेवली. आयुष्मान भारत डिजिटल मिशन सप्टेंबर २०२१ मध्ये देशभर सुरू झालं, त्यातला हा १४ अंकी क्रमांक. तो घेणं ऐच्छिक आहे. तो जोडला की एका रुग्णालयातली नोंद दुसऱ्या रुग्णालयातला डॉक्टर पाहू शकतो, मात्र रुग्णाने फोनवर संमती दिल्यानंतरच.

आमची सगळी शक्ती खर्च झाली ती नावांवर. इथल्या यादीत नाईक, गावडे, गावकर यांची रांगच्या रांग असते आणि एकच ‘गावकर’ इंग्रजीत तीन-चार तऱ्हांनी लिहिलेला सापडतो. त्यात हिंदू घरांमध्ये लग्नात बायकोचं पहिलं नाव बदलण्याची चाल. माहेरी असताना अपेंडिक्सच्या ऑपरेशनची फाईल एका नावाने, बाळंतपणाची दुसऱ्या, आणि आधार कार्डावर पुन्हा माहेरचं पहिलं नाव व सासरचं आडनाव. एकाच बाईच्या तीन फाईली एकत्र करताना चुकून चौथ्याच कोणाची फाईल जोडली गेली तर तिच्या खात्यात भलताच रक्तगट दिसेल, ही भीती आम्हाला झोपू देत नसे. म्हणून जन्मवर्ष, वडिलांचं नाव, गाव आणि जुन्या आजाराची खूण असं सगळं पडताळून आम्ही फाईली जुळवल्या. त्यात आठवडे गेले आणि ते काम आम्ही खरोखर नीट केलं.

मोबाइल क्रमांकाच्या रकान्यावर एक मिनिटही कोणी खर्च केला नाही. क्रमांक दहा अंकी असला की संगणक तो स्वीकारत होता. कोणाचा, हे त्याने विचारलं नाही. आम्हीही विचारलं नाही. त्या क्रमांकावर ओटीपी जाणार होता आणि ओटीपी ज्याच्या हातात तो खात्याचा मालक ठरणार होता. म्हणजे आम्ही खातं उघडलं रुग्णाच्या नावाने आणि किल्ली दिली फोन ज्याचा असेल त्याला.

चवथ

बाई पन्नाशी ओलांडलेल्या, विधवा. लोकांच्या कुळागरात, म्हणजे नारळ-पोफळीच्या बागेत, मजुरीला जातात, मुलगी लग्न होऊन डिचोलीला. छातीत गाठ लागते म्हणून त्या बऱ्याच दिवसांनी आल्या. भाचा भाड्याची पिकअप चालवतो, त्याने आणलं. नोंदणीच्या खिडकीवर ‘फोन नंबर?’ असं विचारलं गेलं तेव्हा मामींनी भाच्याकडे पाहिलं आणि भाच्याने आपला नंबर सांगितला. हे सगळं मला नंतर खिडकीवरच्या मुलीने जसंच्या तसं सांगितलं. दिवसात शंभर वेळा असंच होतं, म्हणून तिलाही त्यात काही खटकलं नाही.

सर्जननी तपासलं, सोनोग्राफी झाली, सुईने तुकडा काढून तपासायला पाठवला. चवथीनंतर रिपोर्ट घेऊन या, असं बाईंना सांगितलं. तुकडा तपासणाऱ्या डॉक्टरांनी सुट्टीपूर्वी काम हातावेगळं करायचं म्हणून आदल्या संध्याकाळी अहवालावर सही केली. त्यांचं काहीच चुकलं नव्हतं, उलट त्यांनी घाई केली ती रुग्णाच्या भल्यासाठी. सही होताच संगणकाने त्याला नेमून दिलेलं काम केलं. सर्जन तोवर घरी निघून गेले होते आणि पुढचे दोन दिवस बाह्यरुग्ण विभाग बंद होता.

भाच्याने लिंक उघडली. इंग्रजीतल्या पाच-सात ओळी होत्या, त्यातला ‘कार्सिनोमा’ हा शब्द त्याने फोनवर शोधला: कॅन्सर. घाबरला. आता हे मामीला कसं सांगायचं? त्याने स्क्रीनशॉट काढून आखातात नर्स असलेल्या चुलत बहिणीला पाठवला, ‘हे काय आहे ते बघ’ म्हणून. तिने खरं तेच सांगितलं. मग त्याने आईला सांगितलं. आईने जावेला. सणासाठी मुंबई-पुण्याहून माणसं आलेली, घरं भरलेली, आणि एका घरातून दुसऱ्या घरात आरतीला जाणं-येणं चालू. बातमी कोणी दुष्टपणे पसरवली नाही. जो तो दुसऱ्याला ‘तिला इतक्यात सांगू नका, चवथ होऊ दे’ असं बजावूनच सांगत होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी शेजारच्या दोघी बायका येऊन बाईंजवळ बसल्या. कामाशिवाय, सणाच्या दिवशी, काही न बोलता. एकीने उठताना त्यांचा हात हातात घेतला आणि तिला रडू आवरलं नाही. बाईंनी विचारलं, ‘काय झालं, कोण गेलं?’ त्यांना वाटलं, घराण्यात कोणी वारलं असावं आणि सुतकामुळे गणपतीचं कसं करायचं म्हणून लोक लपवताहेत. खरं काय ते त्यांना संध्याकाळी भाच्याच्या तोंडून समजलं, तेही त्यांनी त्याला देवासमोर उभं करून विचारलं म्हणून.

बैठक

सुट्टीनंतरच्या पहिल्या दिवशी बाई आणि भाचा दोघंही आले. सर्जन त्यांच्याशी पाऊण तास बोलले. मग त्यांनी मला बोलावलं. इतकी वर्षं सोबत काम करताना त्यांना मी तसं कधी पाहिलं नव्हतं. कॅन्सरचं निदान सांगायची एक रीत असते, असं ते म्हणाले. माणसाला बसवायचं, जवळचं कोणी बरोबर आहे ना पाहायचं, आधी थोडं, मग विचारेल तेवढं, आणि उठण्यापूर्वी पुढची तारीख हातात द्यायची. त्यांच्या तोंडून जे उपायासकट यायला हवं होतं, ते बाईंना उपायाशिवाय कळलं.

बैठकीत तीन प्रस्ताव आले. विश्वस्तांपैकी एकांचं म्हणणं, सेवा बंद करा. सर्जनांचं म्हणणं, बायोप्सी आणि कॅन्सरशी संबंधित काहीही ऑनलाइन दिसता कामा नये. संगणकप्रणाली पुरवणाऱ्या कंपनीच्या माणसाने सगळ्याच रिपोर्टांना सात दिवसांचा विलंब लावून देण्याची तयारी दाखवली. एक बटण दाबलं की काम झालं.

मी तिन्हींना विरोध केला. सर्जनांशी माझा वाद सर्वांत लांबला आणि तो सोपा नव्हता, कारण त्यांची कळकळ खरी होती. मी त्यांच्यापुढे २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा ठेवला. मानसिक आजाराच्या रुग्णाला आपल्या नोंदी पाहण्याचा हक्क त्या कायद्याने दिला आहे. एखाद्या माहितीने त्याला गंभीर मानसिक इजा होईल असं वाटलं तर डॉक्टर तेवढी माहिती रोखू शकतो, पण तसं केल्यास त्या कायद्याखालच्या मंडळाकडे दाद मागण्याचा हक्क आहे हे त्याला सांगावं लागतं. जिथे रोखण्याची मुभा आहे तिथेही गुपचूप रोखता येत नाही. मग गाठीच्या रुग्णापासून आम्ही कोणत्या आधारावर लपवणार होतो?

परदेशातला अनुभवही चर्चेत आला. अमेरिकेत २०१० मध्ये तीन ठिकाणच्या शंभरावर डॉक्टरांनी आपली टिपणं रुग्णांना उघडपणे वाचू दिली. रुग्ण गोंधळतील, फोन करून भंडावतील अशी डॉक्टरांना भीती होती, पण वर्षभराने त्यांच्या कामाचा बोजा फारसा वाढलेला दिसला नाही. एप्रिल २०२१ पासून तिथे अहवाल तयार होताच रुग्णाला उपलब्ध करण्याचा नियमच झाला. २०२३ मध्ये तिथल्या चार वैद्यकीय केंद्रांतल्या आठ हजारांहून अधिक रुग्णांची आणि त्यांची काळजी घेणाऱ्यांची पाहणी प्रसिद्ध झाली. डॉक्टर बोलण्याआधी रिपोर्ट दिसला तरी तो लगेच दिसावा, असं सुमारे ९६ टक्क्यांनी सांगितलं. ज्यांचे रिपोर्ट बिघडलेले निघाले त्यांची काळजी जास्त वाढली होती, तरी थांबणं त्यांनाही नको होतं.

हे आकडे मी बैठकीत मोठ्या विश्वासाने वाचून दाखवले. घरी येताना मात्र वाटलं, ते आपल्याला पुरते लागू नाहीत. ज्यांना विचारलं ती माणसं ती सेवा आधीपासून वापरत होती. त्यांच्यापुढे प्रश्न एवढाच होता, रिपोर्ट आत्ता दिसावा की नंतर? आमच्या बाईंच्या बाबतीत ‘केव्हा’ हा प्रश्न दुसरा येतो. पहिला प्रश्न ‘कोणाला’ हा आहे.

बाईंचं म्हणणं

बैठकीत कोणीच बाईंना विचारलं नव्हतं. पुढच्या खेपेला त्या ड्रेसिंगसाठी आल्या तेव्हा मी त्यांच्याजवळ बसले, आधी माफी मागितली आणि मग विचारलं, हे फोनवर रिपोर्ट देणं आम्ही बंद करावं का?

त्यांनी जरा वेळ घेतला. मग म्हणाल्या, ‘बंद कशाला करता? मला वाचता येतं. चौथीपर्यंत मराठी शाळेत गेलेय मी. तुमच्या कागदावर माझ्या भाषेत काही असतं तर मीच वाचलं असतं. माझं दुखणं मला आधी कळायला हवं होतं, एवढंच.’ भाच्यावर त्यांचा राग नव्हता. ‘पोरगा दोन रात्री झोपला नाही,’ त्या म्हणाल्या. राग होता तो एका गोष्टीचा: चवथीच्या दिवशी त्या सगळ्यांना हसून पान-फूल देत होत्या आणि समोरचा प्रत्येक जण त्यांच्याकडे वेगळ्या नजरेने बघत होता, हे त्यांना नंतर समजलं. तो दिवस त्यांच्याकडून हिरावला गेला. हे ऐकल्यावर मला आमच्या बैठकीतल्या तिन्ही प्रस्तावांमधला दोष एकदम दिसला. सात दिवसांनी लिंक गेली असती तरी ती भाच्याच्याच फोनवर गेली असती.

काय बदललं

फॉर्मवर मोबाइलच्या रकान्याखाली एक प्रश्न वाढवला: ‘हा फोन कोणाचा आणि कोणाच्या हातात असतो?’ दोन्ही भाग महत्त्वाचे. सिमकार्ड आजींच्या नावावर असतं आणि फोन नातवाच्या खिशात. फोन दुसऱ्याचा असेल तर त्या क्रमांकावर फक्त भेटीची वेळ कळवायची, रिपोर्ट नाही. घरातल्या कोणाला माहिती दाखवायची रुग्णाची इच्छा असेल तर त्या माणसाला स्वतःच्या नावाने वेगळा प्रवेश द्यायचा. त्यातही काय दिसेल हे रुग्ण ठरवणार: सगळं, फक्त औषधं आणि तारखा, की काहीच नाही. दिलेला प्रवेश सहा महिन्यांनी आपोआप बंद होतो आणि पुन्हा विचारावं लागतं. सुनेने सासूला दिलेली परवानगी तिच्या बाळंतपणानंतरही चालू राहावी असं गृहीत धरायचं कारण नाही.

एसएमएसमधून तपासणीचं नाव काढून टाकलं. आमच्या जुन्या संदेशात ‘बायोप्सी’ हा शब्द होता आणि फोन नुसता टेबलावर पडला असता तरी पडद्यावर तो कोणीही वाचला असता. लिंकही काढली. आता फक्त ‘रुग्णालयाकडून एक नोंद आली आहे’ एवढंच जातं आणि खात्यात शिरताना रुग्णाने स्वतः ठरवलेला चार अंकी पिन लागतो. पिन विसरण्याचं प्रमाण मोठं आहे आणि त्यापायी खिडकीवर रांग वाढली. ही किंमत मी आनंदाने मोजते.

बायोप्सीसारख्या तपासण्यांसाठी वेळेचा नियम सर्जन आणि मी मिळून बसवला. तुकडा काढण्याआधीच डॉक्टर रुग्णाला सांगतात की यातून काय-काय निघू शकतं. मग विचारतात, रिपोर्ट तयार होताच स्वतः पाहणार, की माझ्यासमोर? उत्तर फाईलवर लिहिलं जातं. ज्यांनी ‘समोर’ म्हटलं त्यांचा रिपोर्ट भेटीच्या वेळी उघडतो. भेट झालीच नाही तर कामाच्या तिसऱ्या दिवशी उघडतो, कारण अनिश्चित काळ रोखून ठेवायचा नाही हे आमचं ठरलं आहे. रिपोर्टावर सही झाल्याचं सर्जनना मात्र त्याच क्षणी कळतं. आणि सुट्टीच्या आदल्या दुपारनंतर असे रिपोर्ट रुग्णाच्या खात्यात सोडले जात नाहीत, मग त्याने काहीही निवडलेलं असो. या शेवटच्या कलमावर मी आजही पूर्ण समाधानी नाही. ज्या माणसाने ‘मला लगेच हवं’ म्हणून सांगितलं आहे त्याला आम्ही दोन दिवस थांबवतो. पण बाईंचं प्रकरण डोळ्यांसमोर असताना ते कलम काढा असं म्हणायचा धीर मला झाला नाही.

एचआयव्हीच्या तपासणीचं आम्ही वेगळं केलं. २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्यात गोपनीयतेची तरतूद कडक आहे. तो रिपोर्ट समुपदेशकाच्या खोलीतच मिळतो आणि घरच्या कोणाला दिलेल्या प्रवेशात कधीच दिसत नाही. गर्भधारणेची चाचणी आणि मानसोपचाराच्या नोंदीही त्या प्रवेशातून वगळल्या.

भाषेचं काम बाईंच्या एका वाक्यामुळे झालं. २०२३ च्या डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायद्याप्रमाणे संमतीची सूचना इंग्रजीत किंवा संविधानाच्या आठव्या अनुसूचीतल्या भाषेत वाचण्याचा पर्याय माणसाला द्यायचा आहे. मराठी त्या यादीत सुरुवातीपासून आहे, कोकणी १९९२ पासून. आम्ही दोन्हींत सूचना केल्या आणि त्यांच्या पलीकडेही गेलो. प्रत्येक तपासणीचं नाव आणि ती कशासाठी करतात हे मराठी व कोकणीत दिलं. निदानाच्या ओळी भाषांतरित केल्या नाहीत. यंत्राने केलेलं भाषांतर आम्ही करून पाहिलं आणि त्यात ‘निगेटिव्ह’चं ‘वाईट’ झालेलं दिसलं तेव्हा तो नाद सोडला. त्याऐवजी डॉक्टर स्वतः एक ओळ लिहितात: ‘साखर वाढली आहे, गोळी तीच ठेवा, पंधरा दिवसांनी या.’ एवढी एक ओळ रुग्णाला सर्वांत उपयोगी पडते.

रंगांबद्दलही सांगते. मर्यादेबाहेरचा प्रत्येक आकडा आमच्या प्रणालीत लाल दिसायचा. सडपातळ म्हाताऱ्या बाईचं क्रिएटिनिन, म्हणजे किडनीच्या तपासणीतला आकडा, अंगात स्नायू कमी म्हणून थोडं खाली असतं. त्याने काही बिघडत नाही. पण फोनवर लाल आकडा पाहून एक आजोबा आपल्या बायकोला घेऊन रात्री तातडीच्या विभागात आले, ‘किडनी गेली’ म्हणून. आता लाल रंग फक्त डॉक्टरने मुद्दाम लावला तरच लागतो.

कागद बंद केला नाही. मागेल त्याला छापील प्रत त्याच खिडकीवर, त्याच दिवशी. सत्तरीतल्या काही वाड्यांवर रेंजसाठी टेकडीवर चढावं लागतं, तिथल्या माणसाला ‘ऑनलाइन बघा’ सांगणं म्हणजे नोंद नाकारणंच आहे.

बांबोळी

बाईंना पुढच्या उपचारासाठी बांबोळीला पाठवलं. त्या वेळी या सेवेचा खरा उपयोग मी डोळ्यांनी पाहिला. मुलीने डिचोलीहून येऊन त्यांना एक साधा स्मार्टफोन घेऊन दिला होता. आमच्या खिडकीवरच्या मुलीने तासभर बसून त्यांना पिन टाकायला शिकवलं. बाईंनी पिन म्हणून कुळागरातल्या माडांचा आकडा ठेवला आणि तो कोणालाच सांगितला नाही. गाठीच्या तुकड्यावरच्या पुढच्या तपासण्या, ईआर, पीआर आणि हर-टू, आठवड्याने आल्या. कोणतं औषध लागू पडेल हे त्यांवरूनच ठरतं. त्यांचे रिपोर्ट बाईंच्या फोनवर आले तेव्हा बाई बांबोळीच्या रांगेत होत्या आणि तिथल्या डॉक्टरांनी ते तिथेच वाचले. पूर्वी हेच रिपोर्ट न्यायला कोणाला तरी फोंड्याला परत यावं लागलं असतं आणि तो दिवस वाया गेला असता.

मेणातला मूळ तुकडा आणि काचेच्या पट्ट्या मात्र हातानेच न्याव्या लागल्या. मोठं रुग्णालय उपचार सुरू करण्यापूर्वी तो तुकडा पुन्हा स्वतःच्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहतं, आणि ते योग्यच आहे. अशी सेवा सुरू करणाऱ्या प्रत्येकाने रुग्णाला हे आधी सांगावं. ‘सगळं फोनवर आहे’ असं समजून रिकाम्या हाताने गेलेली माणसं मी पाहिली आहेत.

सहा महिन्यांनी प्रवेशाची मुदत संपायची वेळ आली तेव्हा नियमाप्रमाणे आम्ही बाईंना विचारलं, घरच्या कोणाला माहिती दाखवायची आहे का? केमोने डोक्यावरचे केस गेलेले, पदर घट्ट ओढून बसल्या होत्या. मुलीचं नाव त्यांनी ‘सगळं’ या रकान्यात लिहायला सांगितलं. मग म्हणाल्या, ‘आणि भाच्याचं. पण त्याला तारखा तेवढ्या. गाडी तोच आणतो ना.’

जे सुटलं नाही

फोन कोणाच्या हातात असतो, या प्रश्नाचं उत्तर खिडकीवर नेहमी खरं मिळत नाही. नवरा शेजारी उभा असताना बायको ‘माझाच’ म्हणते. तिच्या फोनचा पिन त्याला ठाऊक असतो, आमच्या खात्याचाही असेल. गर्भपाताबद्दल विचारायला आलेली, मारहाणीच्या खुणा घेऊन आलेली, कुटुंबनियोजनाचं साधन घरच्यांना न सांगता बसवून घेतलेली, अशा बायकांच्या बाबतीत त्यांची नोंद ऑनलाइन दिसणं हाच धोका आहे, खातं त्यांचं स्वतःचं असलं तरीही.

म्हणून तो प्रश्न आम्ही खिडकीवरून हलवला. आता तो नर्स विचारते, वजन आणि बीपी घ्यायच्या खोलीत, जिथे पेशंटखेरीज कोणाला आत घेत नाहीत. पट्टा दंडावर बांधलेला असताना ती हळूच विचारते, ‘बाय, फोन कोण-कोण उघडतं घरात? फोनवर काय दिसू नये असं वाटतं तुला?’ जे उत्तर येईल ते ती फाईलच्या आतल्या पानावर लिहिते. ज्यांनी ‘काहीच नको’ म्हटलं त्यांचं खातं नेहमीसारखंच उघडं दिसतं, त्यात भेटीची तारीख आणि लोहाच्या गोळ्या असतात, आणि बाकीचं आमच्याकडे कागदावर, कुलपात राहतं.